भेदरलेला मेंदू बिघडलेला असतो का?

नाशिकच्या एका वाचक भगिनीने आपल्या कुत्र्याविषयी लिहिले आहे. सव्वा वर्षापूर्वी त्यांनी एक देशी कुत्रा घरी आणला. त्याआधी तो एका बांधकामाच्या जागेवर आखूड साखळीला बांधलेला असे. यंत्रांचा खडखडाट कानावर आदळत असताना त्याला कुठे पळायला वाव नव्हता. घरी आल्यावर तो हळूहळू रुळला. फिरायला जाण्याची वेळ, नेहमीचा रस्ता, घरातल्या प्रत्येकाची चाहूल, सारे त्याला कळू लागले. मात्र फटाके वाजले, वरातीचा डीजे सुरू झाला, गॅसचा सिलिंडर फरशीवर आदळला, फार काय कुकरची शिट्टी झाली, तरी तो थरथर कापतो, न्हाणीघरात बादलीमागे अंग चोरून बसतो आणि तिथेच लघवी करतो. गेल्या दिवाळीत सासूबाई त्याला ओढून बाहेर काढायला गेल्या, तेव्हा त्याने त्यांच्या हाताला दात लावले. लाडांनी तो भित्रा झाला, असे सासूबाईंचे मत आहे. काळ जाईल तसा तो सुधारेल, असे पती म्हणतात. एका प्रशिक्षकाने त्याला बांधून ठेवून स्पीकरवर फटाक्यांचे आवाज ऐकवण्याचा उपाय सुचवला आहे. अशातच, दीर्घकाळच्या ताणामुळे प्राण्यांच्या मेंदूतील पेशींची रचनाच बदलते आणि तो बदल मागे फिरत नाही, असे या भगिनींच्या वाचनात आले. ‘मेंदूच बिघडलेला असेल, तर माझ्या मायेचा काय उपयोग? त्याला गावाकडे शेतावर पाठवून द्यावे का?’ असे त्यांनी विचारले आहे.

तुमचे पत्र वाचताना जाणवले की, कुत्र्याचा त्रास तुम्हाला जितका जाचतो आहे, त्याहून अधिक ‘कायमचा बिघाड’ हे शब्द जाचत आहेत. म्हणून आधी त्या शब्दांविषयी बोलू या. तुम्ही वाचले ते निराधार नाही, पण ज्या प्रयोगांतून ते पुढे आले त्यांनी सांगितलेली गोष्ट तुमच्यापर्यंत अर्धीच पोहोचली आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागात तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

हे काम आपल्या देशात, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत झाले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या प्रयोगात प्रौढ नर उंदरांना रोज २ तास, असे सलग १० दिवस, अंग हलवता येणार नाही अशा रीतीने आवळून ठेवले होते. त्यानंतर त्यांच्या मेंदूचे काप घेऊन ते गॉल्जी पद्धतीने रंगवले गेले. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या या रंगाचे वैशिष्ट्य असे की, हजारो चेतापेशींपैकी अगदी थोड्याच पेशी तो धरतो, पण ज्या धरतो त्या शेंड्यापासून बुडख्यापर्यंत काळ्याभोर उठून दिसतात. त्यामुळे एकेका पेशीच्या फांद्या, म्हणजे पाठ्यपुस्तकात ज्यांना वृक्षिका म्हणतात त्या, सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात: किती फुटल्या, किती लांब गेल्या, त्यांच्यावर दुसऱ्या पेशींकडून संदेश घेणारे बारीक काटे किती आले.

या मोजणीत जे आढळले त्यात एक विसंगती होती आणि ती फार बोलकी आहे. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग जागा आणि घटना लक्षात ठेवण्याशी संबंधित आहे. तिथल्या पेशींच्या फांद्या ताणानंतर आखडल्या होत्या. असे घडते हे न्यूयॉर्कमध्ये ब्रूस मॅकईवन यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या आरंभीच दाखवले होते. अमिग्डाला हा धोक्याची दखल घेणारा, बदामासारखा दिसणारा भाग. तिथे मात्र त्याच ताणाने पेशींच्या फांद्या वाढल्या होत्या आणि त्यांचा पसारा मोठा झाला होता. हे उंदीर वागायलाही बदलले होते. जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या अधिकच्या चिन्हासारख्या मांडणीत दोन वाटांना भिंती असतात आणि दोन उघड्या असतात. एरवी उंदीर उघड्या वाटेवरही डोकावून येतो, पण हे उंदीर अधिक वेळ भिंतींच्या आडोशालाच राहिले.

आता ‘बिघाड’ या शब्दाकडे पाहा. बिघडलेली वस्तू आपले काम करत नाही. इथे अमिग्डालातील पेशी काम सोडून बसलेल्या नाहीत. उलट त्या आपले काम अधिक जोराने करू लागल्या आहेत. ज्या जिवाला अंग हलवता येत नव्हते आणि संकट रोज येत होते, त्याच्या मेंदूने धोका लवकर ओळखण्याची तयारी वाढवली. संकट संपल्यावर ही तयारी त्याला छळते हे खरे. तरी ती अनुभवाने घडलेली रचना आहे, आणि जी रचना अनुभवाने घडते तिच्यावर पुढच्या अनुभवाचाही परिणाम होऊ शकतो. तुमच्या सगळ्या निर्णयाचा पाया या फरकावर असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक बारकावा तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत विचारात घेण्यासारखा आहे. त्याच प्रयोगशाळेने उंदरांच्या दुसऱ्या गटाला निरनिराळ्या प्रकारचे, केव्हा येतील ते कळणार नाही असे त्रास दिले होते. तोही ताणच होता, पण त्याने अमिग्डालातील पेशींची तशी वाढ झाली नाही आणि चिंताही तशी वाढली नाही. म्हणजे ‘ताण’ असा एकच पदार्थ नाही. तो कसा आला, त्यातून निसटण्याची काही वाट होती का, यावर बरेच अवलंबून असते. साखळीला बांधलेला कुत्रा आणि पिशवीत आवळलेला उंदीर यांची मी तंतोतंत बरोबरी करणार नाही. तरीही ‘पळता येत नाही’ हा दोघांच्या अनुभवातील समान धागा दुर्लक्षिण्याजोगा नाही, आणि प्रशिक्षकाच्या सल्ल्याकडे वळताना त्याची गरज पडणार आहे.

त्याआधी तुमच्या पतींच्या मताविषयी. काळ हेच औषध, असे आपण माणसांच्या दुःखाबद्दलही म्हणतो, आणि त्यात तथ्य असते. पण इथे २००४ मधला पुढचा प्रयोग वेगळे सांगतो. १० दिवसांच्या ताणानंतर उंदरांना २१ दिवस निवांत ठेवले. हिप्पोकॅम्पसमधील आखडलेल्या फांद्या पूर्ववत झाल्या. अमिग्डालातील वाढलेल्या फांद्या मात्र तशाच राहिल्या, आणि चिंताही राहिली. ‘मागे फिरत नाही’ हे तुम्ही वाचले ते बहुधा इथून आले असावे. ‘नुसते निवांत ठेवून २१ दिवसांत मागे फिरले नाही’ हा त्या प्रयोगाचा नेमका निष्कर्ष आहे. ‘काहीही केले तरी कधीच फिरणार नाही’ असे तो म्हणत नाही. तुमचा कुत्रा रस्ता शिकला, माणसे ओळखू लागला, खातो-पितो, खेळतो, आणि तरीही शिट्टीने कापतो, यात तुम्हाला विरोधाभास दिसतो. मेंदूचे सगळे भाग एकाच वेगाने सावरत नाहीत हे एकदा लक्षात घेतले की त्याचे आश्चर्य वाटत नाही. तो नाटक करत नाही, हट्टही करत नाही.

याच गटाने २००५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उंदरांना फक्त एकदाच, २ तास आवळून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर अमिग्डालात काहीच बदल नव्हता. दहा दिवसांनी पाहिले तेव्हा पेशींवरील काटे वाढलेले होते आणि चिंताही वाढलेली होती. उंदरांचे १० दिवस म्हणजे कुत्र्याचे किती, असा हिशेब कोणी करू नये. मात्र या प्रयोगातून एक व्यवहारी गोष्ट घेण्यासारखी आहे: लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा शेपूट हलवत आला, म्हणून ‘झाले गेले विसरला’ असे ठरवू नका. पुढचे दोन-तीन आठवडे त्याचे दिवस मुद्दाम हलके ठेवा. पाहुणे, प्रवास, नवी जागा, अंघोळ घालण्याची झटापट, हे सगळे जमेल तितके पुढे ढकला.

हे सारे उंदरांचे, तेही बहुतांशी नर उंदरांचे आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हे काप घेण्यासाठी त्या उंदरांना जीव गमवावा लागला आहे. ज्या माहितीच्या आधारे आपण एका कुत्र्याचा त्रास कमी करू पाहतो, तिची ती किंमत आहे. घरच्या कुत्र्याच्या पेशी अशा पाहता येत नाहीत आणि पाहण्याची गरजही नाही. बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी चिंताग्रस्त कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांच्यातही अमिग्डाला आणि इतर भागांमधील जोडण्या वेगळ्या आढळल्या. म्हणजे दिशा ओळखीची आहे. परंतु तुमच्या कुत्र्याचे पुढे काय होईल, हे त्याच्या वागण्यावरूनच ठरवावे लागेल. आवाज थांबल्यावर तो किती वेळाने बाहेर येतो, त्या वेळी हातातला तुकडा खातो का, मागच्या महिन्यापेक्षा आज लवकर सावरतो का, हे एका वहीत लिहून ठेवा.

सासूबाईंचे म्हणणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे आणि ते सद्‌हेतूने सांगितले जाते, म्हणून त्यांच्याशी वाद न घालता हे समजावून सांगा. कुत्रा बसल्यावर खाऊ दिला की तो पुन्हा बसेल, कारण बसणे ही त्याने केलेली कृती आहे. भीती ही तो करत असलेली कृती नाही. ती त्याच्यावर कोसळते. जवळ घेतल्याने, हळू बोलल्याने, छातीवर हात ठेवल्याने ती ‘शिकवली’ जात नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी कुत्र्यांच्या मालकांची जी पाहणी केली, तीत फटाका वाजल्याबरोबर खाऊ देण्याचा किंवा खेळ सुरू करण्याचा उपाय ज्यांनी केला त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना फायदा जाणवला. तेव्हा तो जवळ आला तर त्याला जवळ घ्या. तो बादलीमागे गेला तर तिथेच राहू द्या. ती जागा त्याने स्वतः शोधली आहे, तिथे भिंती आहेत, आवाज कमी पोहोचतो, आणि ‘मला जाता येते’ ही जाणीव त्याच्यासाठी फार मोलाची आहे. बादली हलवा, जुनी गोधडी घाला, दार अर्धवट उघडे ठेवा. ओढून मात्र कोणीही काढू नये. सासूबाईंना लागलेले दात हे वाकडेपणाचे लक्षण नव्हते. निसटायला जागा न उरल्यामुळे भ्यालेल्या प्राण्याने केलेला तो शेवटचा उपाय होता.

प्रशिक्षकाचा सल्ला कृपया मानू नका, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बांधून ठेवायचे, मोठा आवाज ऐकवायचा, आणि थकून गप्प होईपर्यंत थांबायचे, यात आणि प्रयोगशाळेत चिंता निर्माण करण्यासाठी मुद्दाम केलेल्या व्यवस्थेत मला फारसा फरक दिसत नाही. असा कुत्रा शेवटी गप्प होतो हे खरे, पण ती गप्प बसण्याची सवय असते. भीती आत तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावण्याचा धोका वाढतो.

मग करायचे काय? भीती पुसून टाकायची नसते. तिच्या शेजारी दुसरे शिक्षण उभे करायचे असते. न्यूयॉर्क विद्यापीठात २०१२ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील पेशींवर नजर ठेवून एक प्रयोग झाला. एका आवाजाबरोबर पायाला विजेचा झटका दिला, तेव्हा तिथल्या फांद्यांवरचे काही काटे नाहीसे झाले. मग तोच आवाज झटक्याशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला. उंदराची भीती ओसरली, आणि त्याच फांद्यांवर, गेलेल्या काट्यांपासून २ मायक्रोमीटरच्या आत, नवे काटे उगवले. पुन्हा झटका दिल्यावर ते नवे काटेही गेले. या शेवटच्या वाक्याने खचू नका, पण ते विसरूही नका. वर्षभर कष्टाने मिळवलेली निर्धास्तता एका रात्रीच्या फटाक्यांनी ढासळू शकते, आणि तसे झाले तर त्याचा अर्थ तुमचे कष्ट वाया गेले असा नसून ते पुन्हा, खालच्या पायरीपासून, सुरू करायचे आहेत असा असतो.

सुरुवात कुकरच्या शिट्टीपासून करा, कारण ती तुमच्या हातात आहे. शिट्टीचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या खोलीतून इतक्या हळू वाजवा की कुत्र्याने फक्त कान टवकारावेत. आवाज झाला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा त्याच्यापुढे ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग तुकडा. उलट केले तर काही दिवसांनी तो तुकड्यालाच घाबरू लागेल. त्याने ओठ चाटले, कारण नसताना जांभई दिली, शेपूट पोटाशी घेतली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला किंवा तुकडा नाकारला, तर आवाज जास्त झाला असे समजून थांबा आणि पुढच्या वेळी त्याहून हळू वाजवा. रोज चार-पाच मिनिटे पुरेत. या काळात खरा कुकर लावताना त्याला कोणीतरी फिरायला न्यावे. इकडे हळू आवाजाचा सराव आणि तिकडे कानाशी कर्कश शिट्टी, असे चालले तर काहीच साधणार नाही. शिट्टी अंगवळणी पडल्यावर सिलिंडर, त्यानंतर ढोल, आणि फटाके सर्वांत शेवटी.

त्याच्या एरवीच्या दिवसाकडेही पाहा. सिंगापूरमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, ताण सोसलेल्या उंदरांना थोडा काळ जरी सोबती, खेळणी आणि शोधायला जागा असलेल्या पिंजऱ्यात ठेवले, तरी वाढलेली चिंता आणि अमिग्डालातील बदल या दोन्हींना आळा बसतो. २१ दिवसांच्या निवांतपणाने जे साधले नव्हते ते इथे भरगच्च दिवसाने साधले, ही मला या सगळ्या संशोधनातील सर्वांत आशादायक बाब वाटते. दोन्ही प्रयोगांतला ताण सारखा नव्हता, म्हणून तुलना बेताने करावी; पण कुत्र्याला फिरवताना घाईने ओढत न नेता मनसोक्त हुंगू देणे, पोळीचे तुकडे जुन्या फडक्यात गुंडाळून शोधायला लावणे, चघळायला काही देणे, यांत गमावण्यासारखे काही नाही.

पशुवैद्यांकडे दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका; पावसाळा सरायच्या आत जा. भीतीवरची काही औषधे परिणाम दाखवायला कित्येक आठवडे घेतात, तर काही त्या संध्याकाळपुरती असतात, आणि कोणते केव्हा हे त्यांनाच ठरवू द्या. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने अंग ढिले पडते, भीती मात्र आत शाबूत राहू शकते. म्हणून ‘हे भीतीसाठी आहे की झोपेसाठी?’ असे स्पष्ट विचारा. घरातील माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. त्याचे कान, सांधे आणि पाठ तपासून घ्या, कारण अंगात दुखणे असेल तर आवाजाची भीती वाढते असे पशुवैद्यांच्या निरीक्षणात आले आहे. औषध देणे म्हणजे हार मानणे, असे वाटून घेऊ नका. घाबरलेला मेंदू नवे काही शिकण्याच्या स्थितीतच नसेल, तर आधी त्याला त्या स्थितीत आणावे लागते.

शेतावर पाठवण्याचा पर्याय मी सरसकट नाकारणार नाही. तिथे शांतता असेल, माणसे ओळखीची असतील आणि तो मोकळा राहणार असेल, तर काही कुत्र्यांना ते मानवते. परंतु गावाकडे शेतावरचा कुत्रा अनेकदा राखणीसाठी बांधला जातो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आखूड साखळीतून सुटलेल्या जिवाला पुन्हा साखळी, आणि सव्वा वर्षात जोडलेली माणसे एकदम नाहीशी, हा सौदा मला त्याच्या हिताचा दिसत नाही. घरात लहान मूल असेल आणि कुत्रा वारंवार चावू लागला, तर मात्र विचार बदलावा लागेल. तेव्हा जाणत्या घरी, त्याचा सारा इतिहास सांगून, त्याला सोपवण्यात पाप नाही. त्याला परत रस्त्यावर सोडणे हा पर्याय नाही.

तुम्ही स्वतः थकला आहात, हे पत्राच्या ओळीओळीत दिसते. स्वीडनमध्ये कुत्रे आणि त्यांचे मालक यांच्या केसांतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, मोजले, तेव्हा दोघांचा दीर्घकाळचा ताण एकमेकांशी जुळता आढळला. हे तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. सगळा भार एकट्याने उचलू नये, एवढ्यासाठीच सांगते आहे. वही पतींकडे द्या. आवाज वाजवण्याचे काम मुलांपैकी कोणी करावे. तुकडा सासूबाईंच्या हातून मिळाला तर फारच चांगले, कारण त्या दोघांच्या नात्यालाही दुरुस्तीची गरज आहे. मात्र सुरुवातीला तो हातातून भरवू नये, जमिनीवर टाकावा, आणि तो आपणहून जवळ येईपर्यंत हात पुढे करू नये. त्याचे रेबीजचे लसीकरण झाले आहे का ते तपासा. पुढे कधी कोणाला दात लागून रक्त आले किंवा नुसते खरचटले, तरी जखम १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

दिवाळीच्या संध्याकाळी त्याला अंधार पडण्याआधी फिरवून आणा, जेवण लवकर द्या, खिडक्या लावून पंखा आणि दूरदर्शन संच चालू ठेवा. मुख्य दार आणि गॅलरीचे दार बंद आहे याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी द्या, आणि त्याच्या पट्ट्यावर तुमचा फोन क्रमांक असू द्या, कारण भेदरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे धावतो. ज्या वाचकांच्या घरी असेच मांजर आहे त्यांनी त्याला उंचावरची किंवा कपाटातली जागा मोकळी ठेवावी आणि खाऊसाठी बाहेर बोलावू नये. औषध ठरले असेल तर ते आवाज सुरू होण्याआधी द्यायचे असते. नेमकी वेळ पशुवैद्यांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक तालीम साध्या दिवशी त्यांच्या सल्ल्याने करून पाहा.